जुनेपणाचे भाडे

‘जुने ते सोने’ ही म्हण, ज्याला जुन्या घरात राहावे लागत नाही अशा एखाद्या गृहस्थाने प्रचारात आणली असावी, असा माझा फार दिवसांचा संशय आहे. आम्हा पिशोरकरांना धाब्याची घरे काही अपूर्वाईची नाहीत. वैशाखाच्या दुपारी त्यांचा गारवा किती सुखाचा, हे पाहुणा सांगतो. पावसाच्या रात्री कोणत्या कोपऱ्यात कोणते भांडे ठेवायचे, हे मात्र घरातल्या बाईलाच पाठ असते. पाहुण्याचे म्हणणे खोटे नसते; ते अर्धे असते, इतकेच.

हा संशय माझ्यासंगे डेन्मार्कपर्यंत गेला. भाची तिकडे नोकरीला आहे, म्हणून ऑर्हूस शहर पाहण्याचा योग आला. तिथे ‘डेन गामले ब्यू’, म्हणजे ‘जुने गाव’, या नावाचे एक नवलाचे संग्रहालय आहे. १५९७ साली बांधलेला एक वाडा पाडला जाणार होता. पीटर होल्म नावाच्या गृहस्थाने तो वाचवला. १९०९ च्या प्रदर्शनात तो मांडला गेला आणि १९१४ साली संग्रहालय सुरू झाले. पुढे देशातल्या निरनिराळ्या गावांतली जुनी घरे सुटी करून इथे आणली आणि पुन्हा उभी केली. फरसबंद रस्ते, लाकडी सांगाड्यांच्या भिंती, भट्टीत जुन्या रीतीची बिस्किटे! सारे काही आहे. नाहीत ती फक्त राहणारी माणसे.

त्याच शहरात मोलेस्टिएन नावाची एक चिंचोळी गल्ली आहे. बसकी, रंगीत घरे आणि दाराशी फुलझाडे. इथे मात्र माणसे राहतात. मी पाहत असता एक प्रवासी खिडकीसमोर कॅमेरा रोखून उभा राहिला आणि आतून पडदा ओढला गेला. संग्रहालयातले घर असा पडदा ओढत नाही. पाहू देणे हेच त्याचे काम. वसत्या घराचे काम निराळे असते.

तेव्हा मला आपल्या संभाजीनगरचे जुने शहर आठवले. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, १६१२ साली भडकल दरवाजा बांधला. म्हणजे ऑर्हूसचा तो वाडा आणि आपला भडकल जवळजवळ एका वयाचे. पण तो वाडा आता सेवानिवृत्त झाला आहे, आणि आपले जुने शहर अजून कामावर आहे. गुलमंडीवर दिवाळीची गर्दी लोटते, ती इतिहास पाहायला नव्हे, कापड घ्यायला.

मग प्रश्न असा, की ‘या गल्लीतले काही बदलू नका’ असे म्हणण्याचा पाहुण्याला अधिकार आहे काय? घरवाला म्हणेल, ‘घर माझे, मी पाडीन.’ पण हेही अर्धेच. गल्लीचे रूप एकट्याचे नसते. शेजाऱ्यांनी आणि पूर्वजांनी मिळून ते घडवलेले असते. मला वाटते, जुनेपण जर सगळ्यांचे असेल, तर त्याचे भाडेही सगळ्यांनी भरावे. मोडकी तुळई बदलण्याचा खर्च एकट्या घरवाल्यावर टाकून तिच्या नक्षीचे कौतुक करणे हे फुकटचे रसिकपण झाले.

मलिक अंबरने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. आज चारशे वर्षांनी आपण ती नहर कौतुकाने पाहतो. पण ती बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपले कौतुक नव्हते. लोकांची तहान होती. म्हणून ज्याला नहर जपावीशी वाटते, त्याने तिच्या काठच्या वस्तीत नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हेही विचारावे. नहरीचा खरा वारसा तोच.

पावसाळ्याआधी धाब्यावर नवी पांढरी माती पडते, दिवाळीआधी भिंतींना चुना लागतो. जुने घर उभे राहते ते या कष्टांवर. नुसत्या आठवणींवर नव्हे. तेव्हा वाचकहो, यंदा कोणाच्या जुन्या वाड्यात फराळाला गेलात, तर वाड्याची स्तुती जरूर करा. पण निघण्यापूर्वी घरातल्या माउलीला एवढे विचारा, ‘यंदा पावसात गळले का हो?’