पेटी आपली, शिक्का कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यात इंदूरला बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. भाचा एका कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि रविवारी तेथील मंडळीत मुलांचा वर्ग घेतो. एके संध्याकाळी टी.व्ही.खालची पंजाएवढी काळी पेटी दाखवून तो म्हणाला, "मामा, ही मी रूट केली आहे. सिनेमाच्या अ‍ॅपला ते कळू नये म्हणून लपवलेही आहे. वर्गणी दरमहा भरतो, चोरून काही पाहत नाही. आता सांगा, यंत्राला खोटे सांगितले तर ते खोटे ठरते का?"

मी हसून विषय टाळणार होतो, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. पुढच्या रविवारी मुलांना हनन्या व सप्पीरा यांची गोष्ट सांगण्याची पाळी त्याची होती.

ज्या वाचकांचा या वस्तूंशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या पेट्यांपैकी पुष्कळ पेट्या अँड्रॉइड नावाच्या प्रणालीवर चालतात, आणि अँड्रॉइडचा पाया लिनक्स. लिनक्सच्या घराण्यात 'रूट' नावाचा एक वापरणारा असतो, त्याचा क्रमांक शून्य. त्याला कोणतेही दार बंद नाही. पेटी विकताना कंपनी ही एक किल्ली मात्र आपल्याकडेच ठेवते. म्हणजे पैसे आपण मोजले, वीज आपण पुरवतो, पण घरात कोणती खोली उघडावी हे ठरवणार दुसरा. पेटी सुरू होताना जे कुलूप तपासले जाते ते उघडून ही किल्ली मिळवणे, याला रूट करणे म्हणतात.

भाच्याने ते का केले? घेतल्यावर तीन वर्षांत कंपनीने नवी दुरुस्ती पाठवणे बंद केले. मुख्य पडदा जाहिरातींनी भरू लागला. नको असलेली अ‍ॅप्स काढता येईनात. यात चूक काय? मला तरी काही दिसली नाही. विकत घेतलेल्या पलंगाचा पाय कापून तो ठेंगणा करायचा तर सुताराची परवानगी कोण मागतो?

कायद्याचा कलही पुष्कळसा असाच आहे. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने असली कुलपे तोडण्यास मनाई केली; परंतु त्यातून सवलती दिल्या जातात, आणि २०२१ साली दिलेल्या सवलतींत चित्रपट दाखवणाऱ्या अशा पेट्याही आल्या. अट एवढीच, की हेतू दुसऱ्याची कलाकृती फुकट लुबाडण्याचा नसावा. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. त्यातही हक्काचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. दोन्हीकडे नजर हेतूवर आहे.

तेव्हा पेटी उघडण्याचा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. अवघड आहे ते लपवणे.

येथे भाच्याने पुढे केलेला वकिली मुद्दा असा, की वस्तू माझी तर तिच्याबद्दल काय बोलायचे हेही मीच ठरवीन. पण त्याच्याच रविवारच्या पाठात याचे उत्तर होते. हनन्याला पेत्राने हेच स्पष्ट केले की शेत त्यांचे होते, विकल्यावर पैसाही त्यांच्याच हाती होता. कोणी मागितला नव्हता. मालकीबद्दल वाद नव्हताच. थोडे ठेवून घेऊन सगळे आणले असे दाखवले, तेथे गोष्ट बिघडली. मुलांना शिकवताना आपण बहुधा पैसे ठेवून घेण्यावर बोट ठेवतो, आणि मालकीबद्दलचे ते वाक्य वाचून पुढे जातो. मीही अनेक वर्षे तसेच केले आहे.

आता ऐकणारा यंत्र आहे, हा दुसरा मुद्दा. ऑगस्टीनने खोट्याचे मूळ बोलणाऱ्याच्या मनात शोधले: आत एक, बाहेर दुसरे, आणि फसवण्याची इच्छा. अ‍ॅपला मन नसेल, भाच्याला आहे. शिवाय अ‍ॅप हा नुसता दारावरचा पहारेकरी. पहारेकऱ्याला खोटे नाव सांगून आत गेलो तर फसतो तो घरधनी. त्या घरधन्याने चित्रपट बनवणाऱ्यांना शब्द दिलेला असतो, की तुमचे चित्र उघड्या पेटीत पडू देणार नाही. म्हणूनच वाइडवाइन नावाच्या संरक्षणात पायऱ्या आहेत. ज्या उपकरणात सुरक्षित भाग नाही त्याला बहुधा चित्र धूसरच मिळते. मे २०१७मध्ये नेटफ्लिक्सने तर गूगलच्या अ‍ॅप-दुकानातून रूट केलेल्या उपकरणांना आपले अ‍ॅप देणेच बंद केले.

किराणा दुकानदाराचा तराजू दुकानदाराचाच असतो, पण त्यावर वजनमाप खात्याची मोहोर असते. ती तोडून पुन्हा नवी असल्यासारखी चिकटवणारा दुकानदार "तराजू माझाच आहे" असे म्हणू लागला तर आपण त्याला हसू. भाच्याला मी हा दाखला दिला तेव्हा तो गप्प बसला, पण थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, तराजूवरची मोहोर गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी असते. माझ्या पेटीवरची मोहोर विकणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, गिऱ्हाइकाच्या विरुद्ध." दाखला लंगडा पडला हे मला कबूल करावे लागले. ज्याच्या बाजूने मोहोर उभी आहे त्याच्यावरून तिचा मान कमीजास्त होतो, हे खरे आहे.

आणि विकणारे तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहेत? २०१७ साली विझिओ या अमेरिकन टी.व्ही. कंपनीला बावीस लाख डॉलर भरून खटला मिटवावा लागला, कारण सुमारे १ कोटी १० लाख संचांवरून लोक काय पाहतात याची नोंद ती त्यांना नीट न कळवता घेत होती. २०२३च्या जानेवारीत टी९५ नावाची स्वस्त पेटी अशी आढळली, की तिच्या आत घातक प्रोग्राम विक्रीपूर्वीच बसवलेला होता. तेथे रूटची किल्ली होती, पण ती घरमालकाऐवजी चोराच्या कामी येत होती! "मी मान्य करतो" या चौकटीत खूण केल्याशिवाय पेटी पुढे सरकत नाही, आणि त्याखालची पाने वाचणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. अशी संमती कितपत संमती? हा प्रश्न हलका नाही. पण पलीकडचा लपवतो म्हणून माझे लपवणे खरे होत नाही. फार तर माझा राग खरा ठरतो.

मग सर्वच लपवणे सारखे का? मला तसे वाटत नाही. मॅजिस्क नावाचे साधन जॉन वू या तरुण प्रोग्रामरने २०१६ साली आणले. ते प्रणालीच्या मूळ भागाला हात न लावता सुरू होण्याच्या वेळी आपले बदल वरून पांघरते, म्हणून ते झाकणे सोपे जाते. त्यात लपवण्याची खास सोय होती. २०२१ साली वू स्वतः गूगलच्या सुरक्षा विभागात नोकरीला गेला आणि ती सोय त्याने सोडून दिली. २०२२च्या आवृत्तीपासून तेथे आहे ती एक यादी: यादीतल्या अ‍ॅपपुरते साधन आपले बदल बाजूला ठेवते. याला मी गप्प बसणे म्हणेन. घरी आलेल्या पाहुण्याला प्रत्येक खोली दाखवण्याचे बंधन आपल्यावर नाही.

पण भाच्याचे अ‍ॅप एवढ्यावर फसत नव्हते. आता अ‍ॅप पेटीच्या शब्दावर विसंबत नाही. ते गूगलच्या सेवेकडून पेटीच्या प्रामाणिकपणाचा सहीशिक्क्याचा दाखला मागते, आणि कडक तपासणीत त्या दाखल्यामागची किल्ली पेटीच्या चिपमध्ये कोंडलेली असते. तेथे गप्प बसून भागत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. मग लोक दुसऱ्या, मान्यताप्राप्त उपकरणाची ओळख आपल्या पेटीवर चढवतात. आंधळ्या इसहाकापुढे करडांची कातडी हातांना बांधून उभा राहिलेला याकोब यापेक्षा वेगळे काय करत होता? बापाने तू कोण असे विचारले होते, आणि त्याने एसावाचे नाव सांगितले. त्याहून पुढे जाणारे काही जण बाहेर फुटलेल्या किल्ल्यांचा संच वापरतात. ती किल्ली तर दुसऱ्याचीच असते, आणि चोरी पकडली गेली की ती रद्द होते. तिच्यावर प्रामाणिकपणे चालणारी खरी उपकरणे असतील, तर त्यांच्या मालकांनाही त्याचा फटका बसतो.

"तू कोठवर आला आहेस?" मी विचारले.

"दुसऱ्याच्या ओळखीपर्यंत," तो म्हणाला. "किल्ली नाही वापरली."

"मग अ‍ॅपने विचारले आणि तू एसाव म्हणालास."

"पण मामा, खरे सांगितले तर ते दारच बंद करतात! वर्गणी भरूनही."

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. दार बंद करणे अन्यायाचे असू शकते. तसे वाटत असेल तर वर्गणी बंद करावी, कंपनीला पत्र लिहावे, ग्राहक मंचाकडे जावे, चारचौघांत बोलावे. हे सर्व उघड्या तोंडाने करता येते. अन्यायी पहारेकऱ्यापुढे खोटे बोलून जीव वाचवणाऱ्या राहाबेची आठवणही भाच्याने करून दिली. मी म्हणालो, तिच्या छपरावर दोन माणसांचे प्राण होते, तुझ्या छपरावर शुक्रवारचा सिनेमा आहे. यावर बहिणीला फार हसू आले.

त्या रविवारी मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. त्याने गोष्ट सांगितली, आणि शेताच्या मालकीबद्दलचे ते वाक्य मुलांकडून दोनदा वाचून घेतले. पेटीचा उल्लेख केला नाही.

नाताळात पुन्हा जाणे झाले. पेटी जागेवर होती, जाहिराती नव्हत्या, म्हणजे रूट कायम होते. मात्र पडद्यावरून सिनेमाचा एक चौकोन नाहीसा झाला होता. बहीण आपली मालिका फोनच्या लहानशा पडद्यावर चष्मा सावरून पाहत होती आणि मधूनमधून माझ्याकडे रागाने बघत होती. मी चहा घेतला आणि काही बोललो नाही.