खाली गेलेली नजर

मुलाखतीला आलेला उमेदवार खोटं बोलतोय हे त्याच्या डोळ्यांवरून कळतं, ही समजूत पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत चांगलीच रुजली आहे. नजर चुकवली, हात नाकाकडे गेला, खुर्चीत चुळबुळ झाली, की मनात शंका येते आणि रकान्यात प्रतिकूल शेरा पडतो. समजूत जगभरची आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 58 देशांतल्या पाहणीत खोटारड्याची खूण विचारली, तेव्हा सर्वाधिक लोकांनी नजर टाळणं हेच उत्तर दिलं. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या संशोधकांनी सुमारे 24 हजार लोकांनी केलेली पारख एकत्र तपासली. खरं-खोटं ओळखण्यात ही माणसं शंभरात 54 वेळा बरोबर होती. नुसतं नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतं.

एवढ्याशा फरकाच्या भरवशावर आपण कोणाच्या तोंडचा घास काढून घेतो? परभणीकडच्या गावात वाढलेल्या एखाद्या मुलीला घरी शिकवलेलं असतं, मोठ्या माणसांसमोर नजर खाली ठेवायची. पुण्यात ती पहिल्यांदाच तीन अनोळखी साहेबांपुढे इंग्रजीत बोलत असते. घसा कोरडा, तळहात ओले. तिचं शील तिथे लबाडी ठरतं. पैसे भरून मुलाखतीचा क्लास लावलेला मुलगा मात्र घोटवलेलं उत्तर डोळ्याला डोळा भिडवून देतो आणि पुढे सरकतो. हा अन्याय मला फार जाचतो, कारण तो करणाऱ्याला आपण अन्याय केला हे कधी कळतच नाही.

पूजा खेडकर प्रकरण पुणेकरांना आठवत असेल. 2022 च्या नागरी सेवा परीक्षेतून निवड होऊन त्या पुण्यात प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून आल्या. नाव आणि आई-वडिलांची नावं बदलून मर्यादेपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा ठपका ठेवत केंद्रीय लोकसेवा आयोगाने 31 जुलै 2024 रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली. खेडकर यांनी आरोप नाकारले आहेत. त्याचा निवाडा न्यायालयाचा. पण त्या परीक्षेत 275 गुणांची मुलाखत असते, अनुभवी मंडळ समोर बसलेलं असतं. आयोगाने ठेवलेला ठपका मात्र नोंदी आणि कागदपत्रांच्या छाननीतून आला, चेहऱ्यावरून नव्हे.

अनुभवपत्राबद्दल शंका असेल तर उमेदवाराला सांगून जुन्या कंपनीकडे चौकशी करावी. प्रकल्पात काम कुठे अडलं, त्यात तुमचा वाटा कोणता, पहिला उपाय का फसला, असं खोदून विचारावं. काम केलेला माणूस अडखळत का होईना, तपशील देत जातो, आणि ते पडताळता येतात. नापसंतीचं कारण म्हणून ‘नजर देत नव्हती’ एवढंच सुचत असेल, तर त्या मुलीला आणखी दहा मिनिटं द्यावीत आणि हवं तर मराठीत बोल म्हणून सांगावं.