चाकामागचा दगड

एखादी वस्तू बिघडलेली आहे, पण त्या बिघाडानं आजवर कुणाचं काही वाईट झालेलं नाही. मग ती दुरुस्त करणं हे कर्तव्य आहे की नुसती टापटीप? प्रश्न पुस्तकी वाटेल. आमच्या घरात मात्र तो गाडीच्या हँडब्रेकवरून महिनाभर चालला, म्हणून हँडब्रेकवरूनच मांडतो.

आमचं गाव ईट. भूम तालुका, जिल्हा धाराशिव. बालाघाटाचा हा भाग चढउताराचा, आणि आमच्या दारातली वाटही उताराची. गाडी जुनी आणि सगळ्या घराची. दवाखाना असो, भूमचा बाजार असो की लग्नकार्य, ज्याला गरज तो किल्ली उचलतो. हँडब्रेक सैल झाला तशी घरात एक रीत पडली. गाडी लावली की मागच्या चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक करून घेऊ म्हटलं की तात्यांचं उत्तर ठरलेलं : "आरं, आजवर काय झालंय का?"

आणि खरोखरच काही झालेलं नव्हतं.

आधी यंत्राचं बघू. गाडी ८०० किलोची धरा आणि उतार दहा फुटांत एक फूट. अशा उतारावर ती साधारण ८० किलोच्या जोरानं खाली ओढली जात असते. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस गाडीला रेटतोय असं समजा. त्याला अडवायचं काम हँडब्रेकचं. दोन सीटांमधला दांडा वर ओढला की 'कट कट' आवाज करत तो दात्यांवर अडकतो, खालची केबल ताणली जाते आणि ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत मागच्या चाकांच्या ड्रममधले शू फाकून ड्रमला आतून घट्ट दाबतात. वर्षं गेली की केबल थोडी ताणते आणि शूवरचे लायनर झिजतात. मग दांडा वर वर येत जातो आणि पकड मात्र कमी कमी होत जाते. कितव्या कटकटीला गाडी पक्की धरली गेली पाहिजे, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आमची गाडी तो आकडा कधीच ओलांडून गेली होती.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ मध्ये उभ्या गाडीबद्दल लिहिलंय. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही असा दुसरा काही उपाय केलेला हवा. 'दुसरा उपाय' हे शब्द वाचून मला तात्याच आठवले. दगड हा दुसरा उपायच की! कायद्याच्या अक्षरात तात्या जवळजवळ बसतात. म्हणजे प्रश्न कायद्यानं मिटत नाही, पुढं सरकतो.

इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्ड यानं १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते. पण इतक्या सफरी हे जहाज सुखरूप करून आलंय, ही पण करील, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि माणसांनी भरलेलं जहाज पाठवतो. जहाज बुडतं. मालक दोषी, यात वाद नाही. क्लिफर्डचा खरा मुद्दा पुढचा आहे. समजा, जहाज बुडालं नसतं तर? त्याच्या मते तरीही मालक तेवढाच दोषी. फरक इतकाच की त्याचा दोष कधी उघडा पडला नसता.

'आजवर काय झालंय का?' हे वाक्य असं बरंच जुनं आहे.

पण तात्यांना सरळ त्या जहाजमालकाच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. मालकानं शंका दाबून टाकली होती. तात्यांनी काहीच दाबलेलं नाही. ब्रेक कमजोर आहे हे ते मान्य करतात, आणि मान्य करतात म्हणूनच न विसरता दगड लावतात. चांगला ब्रेक असून गाडी बेफिकिरीनं उभी करणाऱ्यापेक्षा ते जास्त सावध आहेत. मग चुकतंय कुठं?

इथं आणखी दोघं मदतीला येतात. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 'नैतिक नशीब' या कल्पनेवर लिहिलं. नेगेलच्या उदाहरणांत गाडीचे ब्रेक वेळेवर न तपासलेला चालक आहे. त्याच्या गाडीसमोर मूल आलं तर तो जन्मभर स्वतःला दोष देत राहील. मूल आलंच नाही तर त्याचा निष्काळजीपणा त्याच्या लक्षातही राहणार नाही. हलगर्जी तीच, फरक फक्त रस्त्यावर कोण आलं याचा, आणि ते त्याच्या हातात नव्हतं.

आपला कायदाही हे नशीब मोजतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, हलगर्जीपणानं इतरांचा जीव धोक्यात घातला तर कलम १२५ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद आहे. त्यातून दुखापत झाली तर ६ महिन्यांपर्यंत, गंभीर दुखापत झाली तर ३ वर्षांपर्यंत. मृत्यू झाला तर कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत. कृती एकच असू शकते, पायऱ्या निकालाच्या आहेत. समाजाला झालेल्या नुकसानीचा हिशेब करावा लागतो, म्हणून कायद्याचं हे मोजमाप मी समजू शकतो. पण मी कसं वागावं हे ठरवताना मला निकाल आधी माहीत नसतो. म्हणून 'काही झालं नाही' हे मागं वळून म्हणता येतं, पुढचं ठरवताना त्याचा आधार घेता येत नाही.

आता माझं म्हणणं. दगड कमजोर आहे ही माझी तक्रार नाही. चांगला बसवलेला दगड गाडी धरून ठेवतो. तक्रार अशी, की त्या दगडाबद्दलची माहिती मोजक्या डोक्यांत आहे, आणि दांडा मात्र सगळ्यांशी बोलतो. वर ओढलेला दांडा म्हणजे 'ब्रेक लावलाय' असा निरोप. गाडी नेणारा पाहुणा, दोन दिवसांसाठी आलेला भाचा, गॅरेजमधला पोरगा, सगळे तो निरोप खरा मानतात. तो खोटा असल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि गाडीमागं खेळणाऱ्या चार वर्षांच्या पोराला तर दांडाही माहीत नाही आणि दगडही. जोखीम पत्करायची की नाही हे त्याला कुणी विचारलं नाही. तरी सुरक्षितता सगळी त्याचीच, आणि ती टांगलेली कशावर? घाईत गाडीतून उतरलेल्या माणसाच्या आठवणीवर.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मला खरा वाटतो. गावातलं घर अशाच माहितीवर चालतं. कोणतं बटण झटका देतं, कोणती पायरी हलते, मोटारीचा स्टार्टर कसा दाबायचा हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. पैसा हातात असेल तेव्हा दुरुस्ती, नसेल तेव्हा जुगाड. पाऊस आणि सोयाबीनचा भाव या दोन गोष्टींवर ज्यांचं वर्ष ठरतं, त्यांना जुगाडावरून नीती शिकवणं हा उद्धटपणा आहे. मला ते करायचं नाही. जुगाड अनेकदा शहाणपणच असतो. पण त्याला दोन अटी हव्यात. तो सगळ्यांना सांगितलेला असावा, आणि फसला तर त्याचा फटका जुगाड करणाऱ्यालाच बसावा. दारातला दगड दोन्ही अटींत नापास होता.

शेवटी एका रविवारी गाडी मिस्त्रीकडं नेली. तात्यांना वाटत होतं, दांड्याजवळचा नट आवळला की पाच मिनिटांत काम होईल. मिस्त्री म्हणाला, "तात्या, नट आवळला की दांडा लगेच टाईट लागंल, पण आतलं लायनर संपलं असलं तर ती नुसती फसवणूक हाय. आधी ड्रम उघडून बघू."

या वाक्यानं माझा विचार एक पाऊल पुढं गेला. मी समजत होतो, काहीच न करण्यापेक्षा थोडी दुरुस्ती बरी. इथं तसं नव्हतं. ब्रेक सैल होता तोवर हाताला सैल लागत होता, म्हणून घरात दगडाची आठवण तरी होती. फक्त नट आवळला असता तर दांडा पुन्हा भरवशाचा वाटला असता, दगड बाजूला पडला असता आणि झीज तशीच राहिली असती. खूण पुसली जाते, बिघाड राहतो. अशी अर्धी दुरुस्ती दगडापेक्षा वाईट. शिवाय नट जास्त आवळला तर दांडा खाली असतानाही शू ड्रमला घासतात आणि चाक तापतं, ते वेगळंच. म्हणून क्रम ठरलेला : आधी ड्रममधले शू आणि लायनर, मग केबल. मग गाडी जॅकवर घेऊन बघायचं. दांडा खाली असताना मागची दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, वर ओढल्यावर दोन्ही धरली पाहिजेत. आणि खरी परीक्षा उतारावर.

दगड अजून दारात आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवणं आणि चाकाला अडसर लावणं ही चांगल्या ब्रेकसोबतही शहाणी सवय आहे. फरक असा, की आता एक विसरला तरी दुसरा धरतो.

तात्यांचा एक प्रश्न मात्र राहिला. "सगळंच नीट करत बसलो तर पेरणी कवा करायची?" बरोबर आहे. सगळं नीट होत नसतं, म्हणून रांग लावावी लागते. रांगेत पुढं कोण हे मी आता किमतीवर किंवा त्रासावर ठरवत नाही. जे मोडलं तर मलाच लागेल, ते थांबू शकतं. माझ्या मोबाईलची काच वर्षभर तडकलेली आहे, ती राहू दे. ज्या बिघाडाची किंमत न विचारलेल्या माणसाला मोजावी लागेल, तो आधी.

तुमच्या घरातही असे दोनचार बिघाड असतीलच. त्यातल्या कोणत्याची माहिती फक्त तुम्हालाच आहे, तेवढं एकदा बघा. दुरुस्तीला पैसे आज नसले तरी घरात सांगायला पैसे लागत नाहीत.