करवतीचं पाप कोणाच्या खात्यावर?

चेनसॉ नीट झाला की नाही, हे मिस्तरीला आधी कानानं कळतं. दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि रेस सोडताच साखळी जागच्या जागी थांबली, तर क्लच ठीक. फिरतच राहिली, तर इंजिनाचा वेग उतरवायचा, नाहीतर क्लच उघडून स्प्रिंग बघायची. मग पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्यायची. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली, म्हणजे साखळीला तेल मिळतंय. शेवटी एक ओंडका. चिपा उडाल्या तर दाताला धार आहे. नुसतं पीठ पडलं तर गोल कानस पुन्हा हातात.

भंडारा जिल्ह्यात या चाचणीला आणखी एक बाजू आहे. आजूबाजूला कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्यं. शेतांच्या बांधांवर साग, पळस, मोह. दुरुस्त झालेलं मशीन उद्या कशावर चालेल? वादळात रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडावर, परवानगी काढलेल्या सागावर की रात्री चोरून तोडलेल्या? मिस्तरीनं हात लावला तो फक्त इंजिनाला. कापण्याचा दोष त्याच्यापर्यंत पोचतो का?

हा प्रश्न इथं निव्वळ पोथीतला नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर या भागातल्या विहारांत अष्टांगिक मार्ग सांगितला जाऊ लागला आणि सम्यक आजीविका हे त्यातलंच एक अंग. उपासकानं न करायचे पाच व्यापार अंगुत्तर निकायात मोजले आहेत: शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. करवत त्यात नाही. भिक्खूंना मात्र विनयानुसार, म्हणजे संघाच्या नियमांनुसार, झाड तोडण्यानं दोष लागतो. जैन श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत तर वनकर्म, म्हणजे जंगलतोडीवर पोट भरणं, स्पष्टच आहे.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध याच पेचात सापडलेला आहे. मिथिलेत तो मांस विकतो, पण जनावर दुसऱ्यानं मारलेलं असतं. नांगरसुद्धा जमिनीतले असंख्य जीव मारतो, असं तो कौशिक ब्राह्मणाला सुनावतो. म्हणणं खरं आहे. पण त्यातून पळवाटही निघते. सगळेच दोषी ठरले, की कुणालाच जाब विचारता येत नाही.

अवजाराच्या कुळाकडे बघूनही निवाडा होत नाही. साखळीची करवत अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश डॉक्टरांनी आणली, ती अडलेली बाळंतीण सोडवण्यासाठी आणि सडलेलं हाड कापण्यासाठी. जंगलात ती फार उशिरा गेली.

मग हिशेब कशावर मांडायचा? माहितीवर. गिऱ्हाईक काय कापणार हे मिस्तरीला ठाऊक नसेल, तर त्याचा दोष फार ताणता येत नाही. ठाऊक असेल, तर ‘मी कुठं कापतो?’ हे उत्तर पुरत नाही. १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा परवानगीचं विचारतो ते तोडणाऱ्याला. मिस्तरीला विचारणारं त्याच्या स्वतःशिवाय कुणी नसतं.

आणि एक गोष्ट त्याला नेहमीच ठाऊक असते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर मशीन उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. साखळी त्या क्षणी थांबवायला पुढच्या दांड्याचा ब्रेक असतो. ‘तो सारखा लागतो, काढून टाका,’ असं मालक सांगतो. मशीन चालवणार असतो रोजंदारीवरचा मजूर, आणि तो दुकानात आलेलाही नसतो. झाडाबद्दल मिस्तरीला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. ब्रेक लागतो की नाही, हे त्यानं स्वतः तपासलेलं असतं. ब्रेकशिवाय मशीन परत देणार नाही म्हटलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, आणि गाळ्याचं भाडं तर एक तारखेला द्यावंच लागतं.