सूर जमिनीत पुरू नका



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. गेलेल्या माणसांसाठी आपण प्रार्थना करतो आणि त्यांनी आपल्याला काय देऊन ठेवले, तेही आठवतो. आज अशाच एका माणसाची आठवण करू या. ते आपल्या गावचे नव्हते, वेदीवर गौरविलेले संतही नव्हते. मॅक्स मॅथ्यूज हे अमेरिकेतील एक इंजिनिअर आणि व्हायोलिनचे वेडे!

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९२६ रोजी नेब्रास्का राज्यात झाला. शाळेत असताना ते व्हायोलिन शिकले. दुसऱ्या महायुद्धात नौदलात रेडिओ दुरुस्तीचे काम केले. पुढे इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट मिळवून ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे काम होते टेलिफोनचे. माणसाचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरमध्ये घालायचा आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा.

व्हायोलिन मात्र सुटले नाही. आपण काही मोठे वादक नाही, हे ते स्वतःच मोकळेपणाने सांगत. मन भरून प्रेम होते, पण बोटे साथ देत नव्हती. आपल्यापैकी कित्येकांची हीच व्यथा आहे, नाही का?

१९५७ साली एका संध्याकाळी ते आपले वरिष्ठ जॉन पिअर्स यांच्याबरोबर पियानोच्या मैफलीला गेले होते. कॉम्प्युटरकडूनही संगीत वाजवून घेता येईल, असे पिअर्स यांनी सुचवले. मॅथ्यूज कामाला लागले. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे नाव साधेच होते, 'म्युझिक'. त्यावर वाजलेली पहिली रचना जेमतेम १७ सेकंदांची होती. पण आज देवळातल्या कीबोर्डमधून आणि आपल्या खिशातल्या मोबाइलमधून आकड्यांचे सूर होऊन निघतात, त्या वाटेवरचे हे पहिले पाऊल होते.

शुभवर्तमानातील रुपयांचा दाखला आपण जाणतो. धन्याने एका नोकराला पाच हजार दिले, दुसऱ्याला दोन हजार, तिसऱ्याला एक हजार. तिसऱ्याने आपले पैसे जमिनीत पुरले. का? तो आळशी होताच, पण दाखला आणखी एक कारण सांगतो. तो भ्याला. 'माझे थोडे आहे, ते बिघडले तर?' या भीतीने त्याने खड्डा खणला.

इंजिनिअर म्हणून मॅथ्यूज पाच हजारवाले होते, वादक म्हणून एक हजारवाले. त्यांनी आपला तो एक हजार पुरला नाही. उलट, आपले पाच हजार त्याच्या सेवेला लावले. आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९८० च्या दशकात त्यांनी दोन काठ्यांचे एक वाद्य तयार केले. कोणता सूर वाजवायचा ते कॉम्प्युटरला ठाऊक असते. काठी हलवणाऱ्याने फक्त ताल द्यायचा, जोर द्यायचा, भाव द्यायचा. ज्यांची बोटे अडतात त्यांनाही संगीत वाजवता यावे, अशी ही सोय. स्वतःच्या उणिवेचे दुःख कुरवाळत न बसता त्यांनी त्याच उणिवेतून दुसऱ्यांसाठी दार उघडले.

माझ्या प्रियजनांनो, आता आपण आपल्याकडे पाहू या. 'माझा आवाज चांगला नाही' म्हणून कितीजण मिस्सामध्ये तोंड मिटून उभे असतात? 'मला बोलता येत नाही' म्हणून कितीजण वाचनाला पुढे येत नाहीत? किती घरांत व्हायोलिन माळ्यावर धूळ खात पडले आहे? आणि मुलाचा एक सूर चुकला म्हणून हसून आपणच त्याच्यासाठी खड्डा खणून देत नाही ना? देव आपल्याला शेजाऱ्याच्या पाच हजारांचा हिशेब विचारणार नाही. तुला दिले होते त्याचे काय केलेस, एवढेच तो विचारील. आणि ज्यांना भरपूर मिळाले आहे, शिक्षण, हुद्दा, पैसा, त्यांना तो विचारील, 'तुझ्या ज्ञानाने कोणाची वाट सोपी झाली?'

मॅथ्यूज यांचे निधन २१ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी झाले. तो पवित्र गुरुवार होता. त्याच दिवशी गुरू असूनही कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचे आपण स्मरण करतो. मोठेपण खाली वाकते तेव्हाच त्याची सेवा होते.

या आठवड्यात प्रत्येकाने आपण पुरून ठेवलेली एक तरी गोष्ट उकरून काढावी. ती थोडी गंजलेली असेल, बेसूर असेल, तरी ती प्रभूच्या वेदीवर ठेवावी. थोडक्याचे पुष्कळ करणे हे त्याचे काम आहे. थोडके हाती देणे हे आपले.

प्रभू आपल्या सर्व मृतांना चिरशांती देवो आणि जिवंतांना देण्याचे धैर्य देवो. आमेन.