एका सालाची जुळवाजुळव

इसवी सन 1258. हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद जिंकून अब्बासी खिलाफत बुडवली. व्हिएतनाममध्ये ट्रान राजघराण्याने मंगोलांचीच दुसरी फौज परतवून लावली. इंग्लंडच्या सरदारांनी तिसऱ्या हेन्रीवर पंधरा जणांचे मंडळ लादले. देवगिरीच्या गादीवर कृष्ण यादव होता. सनावळीच्या एका पानावर हे सारे शेजारी शेजारी बसते.

ज्यांनी हे दिवस काढले, त्यांना मात्र असे शेजार ठाऊक नव्हते. बगदाद पडले त्या 10 फेब्रुवारीला तिथे हिजरी 656 चालू होते. देवगिरीत शके 1179 होते आणि पाडव्याला महिनाभर अवकाश होता. इंग्लंडात 25 मार्चला नवे साल धरणाऱ्यांच्या लेखी अजून 1257च होते. जगाचे सामाईक साल ही नंतरची कमाई आहे.

तिची सुरुवात मात्र जुनी. चौथ्या शतकात युसेबियसने निरनिराळ्या राष्ट्रांच्या राजावळ्या समांतर रकान्यांत मांडल्या. पवित्र इतिहासाला जगाच्या इतिहासात जागा मिळावी, हा त्याचा हेतू. इसवी सन 1000च्या सुमारास अल् बिरुनीने इराणी, ज्यू, ग्रीक, अरब अशा अनेकांच्या कालगणना तपासल्या आणि एकीतून दुसरीत जाण्याचे गणित दिले. कोणाचा सन खरा, यापेक्षा ते जुळतात कसे, हा प्रश्न त्याला मोलाचा वाटला. पुढे हुलागूचाच पणतू गाझान याच्या दरबारी रशीदउद्दीनने मंगोलांच्या इतिहासाचे काम हाती घेतले. त्याला चीन, हिंदुस्थान आणि युरोपच्या इतिहासाची जोड मिळाली. बगदाद उद्ध्वस्त करणाऱ्या घराण्याच्या आश्रयाने जगाचा इतिहास लिहिला गेला. 1583मध्ये स्कॅलिजरने 7980 वर्षांचे चक्र कल्पून त्याचा आरंभ इसवी सनपूर्व 4713मध्ये धरला. आता कोणत्याही देशाची तारीख एकाच मापावर बसू शकत होती.

माप हाती आले, तसा मोहही आला: एका सालातले ते एकमेकांशी जोडलेले. 1258 या मोहाची चांगली परीक्षा घेते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडच्या बर्फात या सुमाराचा गंधकाचा ठळक थर सापडतो. तो इंडोनेशियातील लोंबोक बेटावरच्या समालस ज्वालामुखीचा, हे 2013मध्ये पुढे आले. उद्रेक 1257चा. मॅथ्यू पॅरिस या इंग्रज मठवासीयाने 1258च्या थंडीची, बुडालेल्या पिकांची आणि भुकेची नोंद केली, तेव्हा लोंबोक त्याच्या गावीही नव्हते.

म्हणून बगदादही त्या राखेच्या खाती मांडायचे का? हुलागू 1253मध्येच पश्चिमेकडे निघाला होता. इंग्लंडातली टंचाईदेखील उद्रेकाआधीच जाणवू लागली होती. थंडीने तीत भर घातली, एवढेच फार तर म्हणता येईल. सामाईक सालामुळे दूरच्या घटना एकत्र तपासता येतात. त्यांच्यातले नाते मात्र प्रत्येक वेळी वेगळे सिद्ध करावे लागते. त्या कामातून सनावळी सुटका देत नाही.