गाव एक, रहिवास दुसरा

बँकेच्या केवायसीत एक प्रश्न असतो. आपल्यातले बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात. करासाठी तुम्ही भारताशिवाय दुसऱ्या कुठल्या देशाचे रहिवासी आहात का? वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न विनोदीच वाटतो. इथून मुंबईला जायचं तर अख्खी रात्र जाते, परदेशाचं काय घेऊन बसलात!

पण मागच्या वर्षी रिसोडच्या मावशीच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. तिच्या एफडीत अमेरिकेतल्या मावसभावाचंही नाव आहे, त्यामुळे माहिती दोघांचीही हवी होती. दादा दहा वर्षं टेक्सासमध्ये आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. त्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "माझ्या नावापुढे नो कर. ओटीपी आला की सांगतो."

मी कारण विचारलं, तर म्हणाला, "हे पैसे बाबांनी सोयाबीन विकून ठेवलेत. रिसोडच्या मातीतून आलेत. त्यात अमेरिकेचा काय संबंध?"

मावशीचंही तेच म्हणणं. "घरचा पैसा हाय, तिकडच्या सरकारले कायले सांगा लागते?"

हा प्रश्न सहज खोडता येत नाही. पैसा जिथे पिकला तिथला, की तो ज्याच्या नावावर आहे तो माणूस जिथे राहतो तिथला?

आधी हे बँकांच्या डोक्यात आलं कुठून, ते बघू. २००९ मध्ये यूबीएस या स्विस बँकेने अमेरिकेला ७८ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, कारण करचुकव्या अमेरिकनांचा पैसा लपवायला तिने मदत केली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने 'फॅटका' कायदा केला. जगभरच्या बँकांनी आपल्याकडची अमेरिकनांची खाती कळवायची, असं त्याचं सूत्र. भारताने ९ जुलै २०१५ रोजी त्यासाठी अमेरिकेशी करार केला. २०१४ मध्ये ओईसीडीने अशीच व्यवस्था इतर देशांसाठी आखली, भारत त्यातही आहे. म्हणून मग आपल्याकडे १ जुलै २०१४ ते ३१ ऑगस्ट २०१५ या काळात खातं उघडलेल्यांना ३० एप्रिल २०१७ पर्यंत घोषणापत्र द्यायला सांगितलं गेलं. नाही दिलं तर खातं गोठणार होतं.

म्हणजे जाळं टाकलं देवमाशांसाठी आणि अडकली मावशीची एफडी. हा राग रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. असा प्रश्न फक्त श्रीमंतांना विचारायचा म्हटला, तर श्रीमंत कोण हे आधी कसं कळणार? सगळ्यांना सारखाच विचारला तरच त्याला अर्थ. आणि ही माहिती एकाच दिशेने जात नाही. परदेशात पैसा ठेवणाऱ्या भारतीयांची नावंही याच वाटेने आपल्या आयकर खात्याकडे येतात. त्यांनी 'नो' केलेलं आपल्याला चालणार नसेल, तर दादाचं कसं चालावं?

आता मूळ मुद्दा. "गाव कोणतं?" या प्रश्नाचं उत्तर आपण जन्मभर एकच देतो. पण गाव आणि राहणं वेगळं असतं, हे आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. पोहरादेवीला नवस फेडणारी तांड्यावरची माणसं अर्धं वर्ष ऊसतोडीला, बांधकामाला परमुलखात असतात. फॉर्म गाव विचारत नाही. ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज जाता, ज्या सरकारी शाळेत तुमची मुलं शिकतात, त्यांच्या खर्चात तुमचा वाटा कुठे, एवढंच तो विचारतो. आपला कायदाही साधारणपणे दिवस मोजतो: वर्षात १८२ दिवस इथे असलात की तुम्ही करासाठी इथले. जन्म कुठे झाला, याला त्यात किंमत नाही.

अमेरिका मात्र नागरिकत्वही धरते. तिथे जन्मून लहानपणीच पुण्यात आलेलं पोर मोठं झालं, तरी तिच्या हिशेबात करदाताच. न निवडलेल्या जन्माचं असं देणं मला अन्यायाचं वाटतं. पण दादाची गोष्ट तशी नाही. तो तिथे राहतो, त्याची मुलं तिथल्या सरकारी शाळेत जातात. ते त्याने निवडलंय. एकाच व्याजावर दोनदा कर बसू नये म्हणून भारत आणि अमेरिकेत १९८९ चा करार आहे. इथे भरलेल्या कराची सूट तिकडे साधारणपणे मिळते. त्यामुळे मातीचा हक्क बुडत नाही.

मावशीची माहिती मी तिला वाचून दाखवली, अर्थ सांगितला आणि भरली. दादाला म्हटलं, "तुझं तू भर." तो चिडला. दिवाळीला फोनवर माझ्याशी जेमतेम बोलला. घरात मी आता 'कायदेवाला' आहे.

दादाने नंतर काय भरलं, मी विचारलं नाही. पण त्या प्रश्नाखाली लिहिलेलं असतं, 'मी घोषित करतो की'. तिथे कागदपत्र मागत नाहीत, आधी तुमचा शब्द घेतात. आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, अशी तक्रार आपण रोज करतो. मग जिथे ठेवलाय तिथला शब्द ओटीपीसारखा दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आणि बँकांनीही तो मागताना मावशीला कळेल अशा मराठीत मागावा. न कळलेल्या वाक्याखालच्या होकाराला शब्द म्हणत नाहीत.